मानस कुठे बसवायची

फोंड्याच्या वरच्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
लिंबूसोड्याच्या गाड्याच्या बरोबर माथ्यावर
आमच्या पतसंस्थेची सर्व्हरची खोली.
खोली कसली, पूर्वी इथे जुनी पावतीपुस्तकं कुजायची.
आता एक एसी, दोन मशिनं आणि मी.

तपासनीस लिहून गेला :
पासवर्ड बारा अक्षरांचा हवा,
पाच चुका झाल्या की खातं बंद,
दहा मिनिटं हात लागला नाही की पडदा काळा.
कुठे लावायचं ते लिहिलं नाही.
ते लिहिणं त्याच्या कामात बसत नसावं.

समोर आमचं झाड. वर डोमेन,
खाली फांद्या : फोंडा, बोरी, शिरोडा, मडकई,
आणि एक कोपऱ्यातली, तिचं नाव मीच ठेवलेलं, 'इतर'.
म्हटलं, शिरोड्यापासून करू. चार माणसांची शाखा,
बिघडलं तर क्लेतो फोनवर ओरडेल, एवढंच.

क्लेतो ओरडला नाही.
दुसऱ्या दिवशी तो आपल्या होडीचं नाव आणि पुढे सात
असा सहा अक्षरांचा जुना पासवर्ड नव्याने मारून
आरामात आत आला.
पाच वेळा चुकून दाखव म्हटलं, तर नऊदा चुकला,
दहाव्यांदा बरोबर, आणि दार उघडंच.

दुपारभर शोधत बसले तेव्हा कळलं.
क्लेतोचं खातं शिरोड्यात राहतच नाही,
ते राहतं इथे, माझ्या पायाशी, या दोन डब्यांत.
फांदीवर बांधलेला नियम
त्या मशिनींच्या स्वतःच्या खात्यांना लागला होता,
ज्यांनी आजवर कोणीच आत आलं नाही.
ओसाड घराला कुलूप घालून
मी आठवडाभर किल्ली मिरवत होते.

सोयरू नाईक ऑफिस बंद करायला वर आला.
मडकईचा. त्याच्या घरात दर दोन-तीन वर्षांनी
मानशीचा लिलाव कोणीतरी घेतं.
मी त्याला सगळं सांगितलं, कळेल म्हणून नव्हे,
खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून.
तो चाव्या वाजवत म्हणाला,
"बाई, मानस शेतात बसयनात.
बांदार बसयतात, न्हंयच्या तोंडार."

पासवर्ड आणि पाच चुका, दोन्ही मी मुळाशी नेल्या,
झाडाचं मूळ वर असतं हे आमच्याच धंद्यात.

मग वाटलं, पडदाही वरच बांधून टाकू, एकदाची कटकट जाईल.
पण 'इतर'मध्ये हॉलमधला टोकनचा पडदा आहे.
तो काळा पडला तर पेन्शनवाल्या बायका
आपला नंबर गेला की यायचाय
हे एकमेकींना विचारत बसतील.
पडदा चार फांद्यांवर. 'इतर' मोकळं.

राहिल्या बोरीच्या सुशीलाबाई.
मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच, निवृत्तीला सात महिने,
पासवर्ड कॅल्क्युलेटरच्या पोटावर पेन्सिलने लिहिलेला.
निवडक माणसांसाठी वेगळा, सैल नियम करता येतो,
मला येतो. अर्धा भरूनही झाला होता.
पुसला. मुळाशी राहणाऱ्या खात्यांत
सगळ्यात जास्त रोकड त्यांच्याच हातून जाते.
रविवारी बोरीला जाईन, बारा अक्षरांचं काहीतरी
त्यांच्याच देवघरातलं, तोंडपाठ असलेलं शोधू,
आणि कॅल्क्युलेटर पुसून येऊ.

लागलं का ते बघायला
माझ्याच खात्यावर मुद्दाम चुकले. एकदा, दोनदा.
पाचव्यांदा चुकले आणि पडद्याने मलाच बाहेर काढलं :
अर्धा तास थांबा.

दुसरं, मोठ्या अधिकाराचं खातं माझ्याकडे होतं.
पण सोयरूने विचारलं, "जालें?"
आणि मी जालें म्हणून उठले.
खाली सोडेवाला गाडी झाकायच्या बेतात होता.
दोन ग्लास मिळाले, गॅस उडालेले.
घड्याळ बघत प्यालो.